विशेषणं खोडा, क्रियापदं धरा

‘पात्राचे स्वभावविशेष लिहा’ असा प्रश्न दिसला की पोरं विशेषणांची माळ लावतात. कष्टाळू, प्रेमळ, स्वाभिमानी, परिस्थितीनं गांजलेला, त्यागी. गोष्ट कुठलीही असो, माळ तीच. खाली ‘या कथेतून आपल्याला असा संदेश मिळतो की’ ही शेपटी. मार्क पडतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाव झाकून ते उत्तर वाचलं तर गोष्ट कुठली होती ते ओळखता येत नाही. एका गोष्टीचं उत्तर दुसरीखाली चिकटवलं आणि खपून गेलं, की गोष्ट वाचलीच नव्हती असं मी धरतो.

मी बेळगावात एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. प्रुफं तपासणाऱ्याला एक खोड लागते: मजकूर कितीही रंगात आला तरी डोळा शब्दावरून हलू द्यायचा नाही. ही खोड बातमीपेक्षा गोष्ट वाचायला जास्त उपयोगी पडते, हे मला नोकरी संपल्यावर कळलं. आता संध्याकाळी वडगावात आमच्या माडीवर थोडी मंडळी जमतात. पीयूसीची (म्हणजे अकरावी-बारावीची) आणि बीएची मुलं, मागावर काम करणारा एक गडी, खानापूरकडून येणारी एक शिक्षिका. खाली गल्लीत मागांची खडखड चालूच असते, त्यामुळे मोठ्यानं वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. तिथं आम्ही जुन्या गोष्टी कशा उलगडतो ते लिहितो. परीक्षेला बसणाऱ्याला उपयोग होईल. न बसणाऱ्याला जास्त होईल.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय आणि एका बैठकीत. लघुकथा अर्धी आज, अर्धी उद्या अशी वाचू नका. तिच्या शेवटाचा उजेड सुरुवातीवर पडलेला असतो आणि मध्ये रात्र गेली की तो पडतच नाही. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि काय आठवतंय ते दोन ओळींत लिहा. कथानक लिहू नका. एखादी वस्तू, एखादं वाक्य, कुणाचा तरी हात, जे डोक्यात राहिलं ते. पुष्कळदा पुढचं सगळं काम त्या दोन ओळींतूनच निघतं.

दुसऱ्या वाचनाला वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे ‘बोललं’, उजवीकडे ‘केलं’. प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला एक पान. विशेषण लिहायचं नाही, ही एकच अट. पात्र काय म्हणालं ते डावीकडे आणि त्यानं काय केलं ते उजवीकडे, तेही क्रियापदासकट: उचललं, लपवलं, पळालं, परत दिलं. पानाच्या तळाशी गोष्टीतले पैशांचे आकडे वेगळे टिपा. जुने कथाकार पैशाच्या बाबतीत भारी काटेकोर असतात. फुकटचा आकडा घालत नाहीत.

मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा. बोलणं आणि वागणं जुळतं तिथं फारसं काही नसतं. जिथं जुळत नाही तिथं थांबा. माझ्या मते पात्र तिथंच असतं, आणि गोष्टीचा आशयही बहुतेक वेळा तिथंच दडलेला असतो.

फ्रेंच लेखक मोपासाँची ‘नेकलेस’ (१८८४) घ्या, कारण ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या भाषेत बहुतेकांनी वाचलेली असते. शिक्षण खात्यातल्या कारकुनाची बायको मथिल्द, मंत्र्यांकडच्या समारंभाचं आमंत्रण, मैत्रिणीकडून उसना आणलेला हिऱ्यांचा हार. हार हरवतो. नवा घेऊन परत देतात आणि दहा वर्षं कर्ज फेडतात. शेवटी कळतं की मूळचा हार खोटा होता. गाइडमध्ये मथिल्द ‘हव्यासी, चैनीची लालसा असलेली’ म्हणून निकालात निघते, आणि संदेश ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’. झालं.

आता उजवा रकाना भरू. समारंभ संपतो तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. नवरा मध्यरात्रीपासून एका लहानशा खोलीत आणखी तिघा गृहस्थांबरोबर झोपलेला आहे. निघताना तो तिच्या खांद्यावर घरून आणलेलं रोजच्या वापरातलं पांघरूण टाकतो. आजूबाजूच्या बायका महागड्या फरच्या कोटांत गुरफटून घेताहेत. नवरा म्हणतो, थांब, बाहेर गारठशील, मी गाडी बघतो. ती ऐकत नाही, भराभर जिना उतरते. रस्त्यावर गाडी मिळत नाही, दोघं कुडकुडत नदीच्या दिशेनं चालत राहतात. घरी येऊन ती स्वतःला एकदा त्या थाटात पाहावं म्हणून आरशासमोर पांघरूण उतरवते आणि गळ्यात हार नसतो.

हार कुठं पडला हे मोपासाँ सांगत नाही. पण ती पळाली का, हे मात्र पुरतं दाखवतो. तिला चैनीचं आयुष्य हवं होतं हे निवेदक सुरुवातीलाच सांगतो. उजव्या रकान्यात एवढंच दिसतं की ते साधं पांघरूण कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती धावली. हव्यास वेगळा आणि ही भीती वेगळी. गाइडनं दोन्हींची गल्लत केली आहे.

पुढं मैत्रिणीला चिठ्ठी जाते: हाराची कडी तुटली आहे, दुरुस्तीला दिला आहे. इथं आमच्या माडीवर एका मुलीनं बोट ठेवलं. “काका, मी दोनदा वाचलो की. हे खोटं तिचं नव्हंच. नवरा सांगतोय नि ती नुसती लिहितीय.” बघितलं तर खरंच, मजकूर नवऱ्याचा आणि अक्षर बायकोचं. कारकुनाच्या घरात लाज काही एकट्या बायकोला नसते. नवरा साधा, सोशिक, बिचारा, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्या एका क्रियापदानं त्याचं पान पुन्हा लिहावं लागलं.

तळचे आकडे पाहा. कपड्यांसाठी ४०० फ्रँक, ते नवऱ्यानं बंदुकीसाठी साठवलेले. नवा हार ३६,००० फ्रँकचा. नवऱ्याला वडिलांकडून आलेले १८,००० होते, बाकीचं कर्ज. मूळच्या खोट्या हाराची किंमत फार तर ५००. म्हणजे खोटा हार आणि तिचा पोशाख जवळपास एकाच भावात बसतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा दिसलं.

दहा वर्षांनी ती मैत्रिणीला रस्त्यात गाठते आणि सगळं खरं सांगून टाकते. सांगताना तिच्या चेहऱ्यावर अभिमानाचं, भाबडं हसू असतं. हात राठ झालेत, आवाज चढलाय, बाजारात पैशापैशासाठी भांडून झालंय. आता ती गरीब दिसतेच, लपवायचं काही उरलेलं नाही. त्यामुळं खरं बोलता येतं. आता आशय एका वाक्यात मांडून बघू: गरीब दिसण्याच्या भीतीनं माणूस खरोखरचं दारिद्र्य ओढवून घेतो, आणि ती भीती गेल्यावरच त्याच्या तोंडून खरं निघतं.

वाक्य बरं झालं म्हणून थांबू नका. त्याच्या विरोधात जाणारा एक तरी पुरावा गोष्टीतूनच शोधा. इथं तो मैत्रीण आहे. हार खोटा आहे हे देताना तीही बोलली नव्हती, आणि परत आलेली डबी तिनं उघडूनही पाहिली नाही. ती श्रीमंत, तिला कसली भीती? तेव्हा लपवणं फक्त गरिबाकडं नाही, ते दोन्ही बाजूंनी चाललंय, असं म्हणावं लागतं. आपलं पहिलं वाक्य पुसायचं नाही, थोडं रुंद करायचं. ‘अंथरूण पाहून पाय’ हे तात्पर्य या पुराव्यासमोर टिकतच नाही.

प्रेमचंदांच्या ‘कफन’मध्ये रकान्यांची ही युक्ती आणखी निर्दयपणे चालते. घीसू आणि माधव, बाप-लेक, झोपडीच्या दाराशी विझत्या शेकोटीपाशी भाजलेले बटाटे खात बसलेत. आत माधवची बायको बुधिया बाळंतवेणांनी तळमळतेय. डावीकडे लिहा: घीसू म्हणतो, जा, बघून ये तिला. उजवीकडे: दोघंही उठत नाहीत. माधवला धास्ती की आपण आत गेलो तर म्हातारा बटाटे फस्त करेल. सकाळी ती गेलेली असते. कफनासाठी गावातून पाचेक रुपये गोळा होतात. दोघं बाजारात कापडाच्या दुकानांतून फिरतात आणि पाय शेवटी दारूच्या गुत्त्याशी येऊन थांबतात.

यावर ‘आळशी, निर्दय, व्यसनी’ लिहून हात झटकता येतात. मागावर काम करणारा गडी तेव्हा म्हणाला, “दिवसरात राबणाऱ्याच्या हातात तरी काय पडतंय, ते लिहिलंय बघा त्येनं.” लिहिलंय खरंच. रात्रंदिवस खपणाऱ्यांची दशा या दोघांपेक्षा फार बरी नव्हती, असं निवेदकच मध्ये बोलतो आणि घीसूला बाकीच्या शेतकऱ्यांपेक्षा विचारी ठरवतो. हे बोलणं पात्राचं नाही, निवेदकाचं आहे. त्याला स्वतंत्र पान द्या. निवेदक काय म्हणतो, कधी टोमणा मारतो, कुणाच्या बाजूनं झुकतो, हे न पाहता पात्राला गुन्हेगार ठरवलं तर तो निवाडा आपला झाला, गोष्टीचा नव्हे. निवेदकाचं सगळं मान्य करायचं असंही नाही. तो तिरकस बोलत असेल. इथं तो काही जागी बोलतोच.

आणि बुधियाचं पान? जवळजवळ कोरं. तिच्या तोंडी एक वाक्य नाही, फक्त किंकाळ्या. पण मागं जाऊन शोधा, एका ओळीत सापडेल: दळण दळून, गवत कापून ती शेरभर पिठाची सोय करायची आणि या दोघांची पोटं भरायची. अख्ख्या गोष्टीत काम करणारं माणूस एकच आणि ते आत मरतंय. ज्या पात्राचं पान कोरं राहतं त्याच्याकडे विद्यार्थी फिरकत नाहीत, कारण परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नाही. तुम्ही फिरका.

प्रेमचंदांचीच ‘ईदगाह’ सोपी म्हणून घेतात आणि हामिदला ‘त्यागी बालक’ करून टाकतात. आजीची बोटं तव्यावर भाजतात म्हणून तीन पैशांचा चिमटा आणणारं पोर, बरोबरच आहे. पण त्याच्या डाव्या रकान्यात काय आहे ते बघा. मित्र मिठाई खातात तेव्हा तो मनात म्हणतो, खा खा, तोंडं सडतील, फोड येतील. मग चिमट्याची अशी काही फुशारकी मारतो की सगळ्यांची खेळणी फिकी पडतात. मत्सर, बढाई, वकिली थाटाचा वाद, सगळं लहान पोराचं. ते काढून टाकलं की उरतो तो सुविचार, पोर नाही.

रशियन लेखक चेखव्हची कारकुनाच्या मरणाची गोष्ट (१८८३) तर दोनचार पानांची आहे. नाटकगृहात कारकून शिंकतो, पुढं बसलेल्या सरकारी जनरलच्या डोक्यावर शिंतोडे उडतात. माफी मागतो. जनरल म्हणतो, असू दे. पुन्हा माफी. पुन्हा. शेवटी जनरल ओरडून हाकलून देतो, कारकून घरी येतो, कोटसुद्धा न काढता कोचावर पडतो आणि मरतो. हसून मोकळे होण्याआधी एक तपशील टिपा: हा जनरल त्याच्या खात्याचा साहेबच नव्हता. कारकुनाला ते माहीत होतं, तो तसं मनात म्हणतोही. तरी. ज्यानं कुठल्याही कचेरीत कागद घेऊन टेबलामागून टेबल पालथं घातलं आहे, आणि कानडी नीट येत नाही म्हणून दोनदा जास्त वाकून बोललाय, त्याला हा कारकून समजावून सांगायला लागत नाही. पण आपला अनुभव पुरावा म्हणून लिहू नका. तो तुम्हाला ओळ दाखवतो. उत्तरात ओळच यायला हवी.

आता आशयाबद्दल. इथं गोंधळ जास्त होतो. गरिबी, प्रेम, जात, मरण, हे विषय झाले. विषय एका शब्दात सांगता येतो. आशयाला पूर्ण वाक्य लागतं आणि त्या वाक्यात क्रियापद लागतं. ‘ही कथा गरिबीवर आहे’ याला मी उत्तरच मानत नाही. गरिबी काय करते? कुणाकडून काय हिसकावते, कुणाला काय करायला लावते?

अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ या कामाला उत्तम. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईला येतो, खाणीवर लागतो. खाण बंद पडते. मग तो स्मशानातल्या राखेतून, पुरलेल्या मढ्यांच्या अंगावरून सोन्याचे कण वेचायला लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि शेवटी दोन बोटं कापावी लागतात. बोटं गेल्यावर कळतं की बंद पडलेली खाण सुरू झाली.

‘गरिबी’ असं लिहिलं तर शेवट वाया गेला. ‘लोभाची शिक्षा’ लिहिलं तर अण्णा भाऊंवरच अन्याय झाला. खाण चालू असती तर भीमा स्मशानात गेलाच नसता, हे गोष्टीतच आहे. माझं वाक्य असं: ज्या हातांना काम नाकारलं जातं ते हात कामाचेच राहत नाहीत, आणि काम परत येतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुमचं वाक्य वेगळं असेल. त्याला तीन प्रश्न विचारा. शेवट त्यात बसतो का? गोष्टीतली सगळ्यात विचित्र घटना त्यात बसते का? आणि हेच वाक्य दुसऱ्या एखाद्या गोष्टीला जसंच्या तसं लागू पडतं का? तिसऱ्याचं उत्तर ‘होय’ आलं तर वाक्य अजून ढोबळ आहे.

आपल्या सीमाभागातल्या वाचकाकडे एक कसब आपसूक असतं, ते वापरा. आपण घरी मराठी, कचेरीत कानडी, रिक्षावाल्याशी हिंदी असं दिवसभर बदलत असतो. कोण कुणाशी कुठल्या सुरात बोलतो हे आपल्या कानाला लगेच कळतं. मराठी गोष्टीत ‘तू’चं ‘तुम्ही’ कुठं होतं, ‘अहो’ म्हणणारी बाई कुठं गप्प होते, शहरातून आलेला मुलगा आईशी पुस्तकी का बोलायला लागतो, हे पेन्सिलीनं धरा. मात्र अनुवादात हे करू नका. तिथलं अहोजाहो अनुवादकानं ठरवलेलं असतं. आणि पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांची माणसं गावरान बोलतात म्हणून त्यांना ‘अशिक्षित, भोळी’ लिहू नका. त्यांच्या गोष्टींत भोळं दिसणारं माणूस बऱ्याचदा सगळ्यांत बिलंदर निघतं. तसं पाहिलं तर आपणही तसेच बोलतो की.

जी. ए. कुलकर्णी आपल्या भागातले, बेळगावात शिकलेले, धारवाडला इंग्रजी शिकवत राहिलेले. त्यामुळं नवं माणूस आलं की पहिल्याच दिवशी ‘काजळमाया’ (१९७२) हा त्यांचा कथासंग्रह काढतं. मी तूर्त बाजूला ठेवायला सांगतो. तिथल्या बऱ्याच कथांत माणसं कुठल्या गावची, कुठल्या काळातली हेही पक्कं नसतं. बोललं-केलं या हिशेबात ती मावत नाहीत. तिथं पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतिमा टिपाव्या लागतात: एखादा रंग, प्राणी, वाट, दगड. कुठल्या पानावर आली, तेव्हा काय घडत होतं, पुढच्या वेळी काय बदललं. आधी ‘निळासावळा’, ‘पारवा’ वाचा, मग तिकडं वळा. घाई नाही.

उत्तर किंवा टिपण लिहायला बसलात की पहिल्या परिच्छेदात कथासार नको. वाचणाऱ्यानं गोष्ट वाचली आहे असंच धरा. पहिलंच वाक्य पात्राच्या बोलण्या-वागण्यातल्या फटीवर ठेवा: ‘घीसू मुलाला आत जायला सांगतो, पण स्वतः बटाटे सोडत नाही.’ मग दोन पुरावे, एक सुरुवातीचा आणि एक शेवटाजवळचा, म्हणजे पात्र हललं की जागीच राहिलं ते दिसतं. अवतरण पाचसहा शब्दांचं पुरे. अर्धा परिच्छेद उतरवून काढला की तपासणारा ओळखतो की पान भरायचं काम चाललंय. त्यानंतर विरोधी पुरावा आणि मग आशयाचं वाक्य. आशय सुरुवातीला लिहून टाकलात तर पुढचं सगळं त्याच्या मागं फरफटत जातं.

लिहून झालं की पेन्सिल घेऊन स्वतःच्या उत्तरातली विशेषणं गोल करा. प्रत्येकाच्या शेजारी गोष्टीतली एखादी कृती लिहिता आली तर विशेषण ठेवा, नाही तर खोडा. ‘मनाला चटका लावून जाते’, ‘काळजाला हात घालते’, ‘हृदयस्पर्शी चित्रण’ ही वाक्यं तर न बघता खोडा. शेवटी ‘या कथेतून आपण शिकतो की’ असं लिहायला हात शिवशिवतो. परीक्षेत मार्कांसाठी लिहायचंच असेल तर एक ओळ लिहा, आणि ती ‘नेहमी खरे बोलावे’ अशी नसून तुम्ही वर सिद्ध केलेलीच असू द्या. परीक्षा नसेल तर आधीच्या वाक्याला पूर्णविराम द्या आणि वही मिटा.